काचेतली दोन पाने आणि मिटलेला ग्रंथ

दुर्मिळ ग्रंथ प्रदर्शनात मांडायचा म्हटला की पहिली अडचण उभी राहते ती ग्रंथाच्या घडणीचीच. मूर्तीभोवती फिरता येते, चित्र एका नजरेत मावते. पुस्तक मात्र उघडून काचपेटीत ठेवले की समोरासमोरची दोन पृष्ठे तेवढी दिसतात. उरलेली शेकडो पृष्ठे मिटलेलीच राहतात. त्यात भाषा जुनी, टाइप अनोळखी आणि उजेड मंद. पाहायला आलेला माणूस दोन मिनिटे थबकतो आणि पुढे सरकतो. म्हणूनच अशा प्रदर्शनाभोवती व्याख्याने, छपाईची प्रात्यक्षिके, नाट्यवाचने आणि शाळांसाठी कार्यशाळा योजाव्या लागतात. पेटीत न दिसणारा ग्रंथ लोकांपर्यंत पोहोचतो तो या कार्यक्रमांतून. अमेरिकेतील फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयाने २०१६ साली देशभर फिरवलेले ‘फर्स्ट फोलिओ’चे प्रदर्शन हे याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

फर्स्ट फोलिओ म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला आणि सात वर्षांनी, १६२३ च्या अखेरीस, हा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. तो सिद्ध केला त्याच्याच नाटक कंपनीतील जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल या दोन नटांनी. छपाई विल्यम आणि आयझॅक जॅगर्ड या पितापुत्रांच्या छापखान्यात झाली. एडवर्ड ब्लाउंट हा प्रकाशनातला प्रमुख भागीदार. शीर्षकपानावर मार्टिन ड्रूशाउटने कोरलेले शेक्सपिअरचे चित्र आहे आणि आज जगभर त्याचा म्हणून जो चेहरा ओळखला जातो तो मुख्यतः त्यावरूनच. नऊशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथात ३६ नाटके आहेत, पण अनुक्रमणिकेत ३५ च नावे आहेत. ‘ट्रॉइलस अँड क्रेसिडा’ हे नाटक छपाईच्या अगदी शेवटी आत घेतले गेले आणि तोवर अनुक्रमणिका छापून झाली होती.

या ३६ पैकी १८ नाटके त्याआधी कधीच छापली गेली नव्हती. ‘मॅकबेथ’, ‘ज्युलिअस सीझर’, ‘द टेम्पेस्ट’, ‘ट्वेल्फ्थ नाइट’, ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ ही त्यांतली काही. त्यांची हस्तलिखिते आज उपलब्ध नाहीत, म्हणजे हा ग्रंथ निघाला नसता तर ही नाटके बहुधा कायमची गेली असती. मराठी रंगभूमीलाही त्याची झळ पोहोचली असती. वासुदेव बाळकृष्ण केळकरांचे ‘त्राटिका’ ज्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’वरून आले आणि शिवराम महादेव परांजप्यांचे ‘मानाजीराव’ ज्या ‘मॅकबेथ’वरून आले, ती दोन्ही नाटके याच अठरांतली. मराठी नाटकाच्या इतिहासातील एक दालन लंडनच्या दोन नटांच्या चिकाटीवर उभे आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

ग्रंथाच्या सुमारे ७५० प्रती छापल्या गेल्या असाव्यात, असा अंदाज आहे. आज जगात सुमारे २३५ प्रती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या तब्बल ८२ वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहेत. स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू यॉर्क या कंपनीचे अध्यक्ष हेन्री क्ले फोल्जर आणि त्यांच्या पत्नी एमिली जॉर्डन फोल्जर या दांपत्याने आयुष्यभर हा संग्रह केला. ग्रंथालयाची कोनशिला बसली आणि दोनच आठवड्यांत, जून १९३० मध्ये, हेन्री फोल्जर वारले. २३ एप्रिल १९३२ रोजी, शेक्सपिअरचा म्हणून मानल्या जाणाऱ्या जन्मदिवशी, ग्रंथालय उघडले. एकाच ग्रंथाच्या इतक्या प्रती का जमवल्या, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर छपाईच्या रीतीत आहे.

त्या काळी एकेक खिळा हाताने जुळवून मजकूर तयार होई. छपाई सुरू असतानाच कोणी तरी छापील ताव तपासत असे. चूक सापडली की यंत्र थांबवून खिळे बदलले जात आणि छपाई पुढे चालू होई. पण आधी छापलेले सदोष ताव फेकले जात नसत, कारण कागद महाग होता. शुद्ध आणि अशुद्ध ताव एकत्रच बांधणीला जात. परिणामी प्रत्येक प्रतीत दोन्हींचे मिश्रण वेगवेगळे झाले. अमेरिकी अभ्यासक चार्ल्टन हिनमन यांनी फोल्जरमधल्या ५५ प्रती ताडून पाहण्यासाठी आरसे आणि लुकलुकणारे दिवे बसवलेले यंत्र बनवले. दोन प्रतींतले एकच पृष्ठ त्यातून एकावर एक दिसे. जिथे फरक असेल तिथले अक्षर डोळ्यांपुढे थरथरे. सापडलेले फरक बहुतेक क्षुल्लक होते, पण त्यांवरून कोणत्या जुळाऱ्याने कोणते पृष्ठ जुळवले, इथपर्यंतचा तपशील हाती आला. १९६३ साली त्यांनी हे संशोधन ग्रंथरूपाने मांडले.

शेक्सपिअरच्या मृत्यूला ४०० वर्षे झाली त्या निमित्ताने २०१६ मध्ये फोल्जरने आपल्या ८२ पैकी १८ प्रती तिजोरीबाहेर काढल्या. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत, राजधानी वॉशिंग्टनमध्ये आणि पोर्तो रिकोमध्ये प्रत्येकी एका संस्थेत हा ग्रंथ मांडला गेला. सिनसिनाटी म्युझियम सेंटर आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशन या संस्था सोबत होत्या. मानव्यविद्यांसाठीच्या राष्ट्रीय निधीचे अर्थसाहाय्य होते. मुक्काम साधारण चार आठवड्यांचा आणि प्रवेश विनामूल्य. सांता फेचे न्यू मेक्सिको कलासंग्रहालय, सिएटलचे सार्वजनिक ग्रंथालय, न्यू ऑर्लिन्समधले तुलेन विद्यापीठ, नॅशव्हिलमधली पार्थेनॉनची प्रतिकृती, अलास्कातील जुनो शहर अशा एकमेकांशी काहीही साम्य नसलेल्या ठिकाणी तो पोहोचला. अर्ज करणाऱ्या संस्थेला सुरक्षेची आणि हवामान-नियंत्रणाची तयारी दाखवावी लागे. त्याबरोबरच चार आठवड्यांत लोकांसाठी काय काय करणार, हेही सांगावे लागे. हा दुसरा भाग फार शहाणपणाचा होता. ज्या संस्थेकडे नुसती भक्कम पेटी आहे पण लोकांना सांगण्यासारखे काही नाही, तिच्याकडे असा ग्रंथ जाऊन उपयोग काय?

सर्व ठिकाणी ग्रंथ एकाच पृष्ठावर उघडून ठेवला होता: ‘हॅम्लेट’मधले जगावे की मरावे या प्रश्नाचे प्रसिद्ध स्वगत. लोकांना ओळखीचा मजकूर दिसावा, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. तरीही एक गोष्ट खटकते. ‘हॅम्लेट’ आधीच स्वतंत्र पुस्तकरूपात निघाले होते. फर्स्ट फोलिओ नसता तरी ते उरले असते. ग्रंथाचे खरे महत्त्व दाखवायचे तर ‘मॅकबेथ’चे पृष्ठ उघडणे अधिक योग्य ठरले असते. ही उणीव भरून काढायचे काम अर्थातच भोवतीच्या माहितीफलकांवर आणि कार्यक्रमांवर आले.

पेटीतल्या ग्रंथाचे जतन हाही लोकांच्या कुतूहलाचा विषय असतो. जुन्या कागदासाठी उजेड साधारण ५० लक्सच्या आत ठेवतात, म्हणजे घरातल्या संध्याकाळच्या दिव्यापेक्षाही मंद. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि भरून येत नाही. सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी लागते. ती वरखाली झाली की कागद आणि कातडी बांधणी कमी-अधिक फुगतात, आकसतात आणि सांधे सुटतात. ग्रंथ पूर्ण सपाट उघडत नाहीत, त्याच्या कण्यावर ताण येऊ नये म्हणून मापाचा आधार बनवून त्यावर तो टेकवतात आणि पाने पारदर्शक पट्ट्यांनी हलकेच धरून ठेवतात. एवढी काळजी घ्यावी लागत असली तरी चारशे वर्षांपूर्वीचा हा कागद शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रापेक्षा धडधाकट असतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. फोलिओचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा आहे. त्यातले तंतू लांब आणि चिवट. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यातल्या आम्लाने तो आतूनच पिवळा पडून तुटू लागला. जुना ग्रंथ हाताळताना पांढरे हातमोजे घालतात, ही समजूतही अशा कार्यक्रमांत दूर करता येते. स्वच्छ धुतलेले कोरडे हात हेच बरे. मोज्यांमुळे बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटण्याचा धोका वाढतो.

कार्यक्रमांत सर्वांत फलदायी ठरते ते छपाईचे प्रात्यक्षिक. लाकडी यंत्राची प्रतिकृती, शिशाचे खिळे, कातडी गोळ्यांनी लावायची शाई आणि दांडा ओढून उमटवलेला ताव, एवढे डोळ्यांनी पाहिले की पेटीतल्या पृष्ठाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, ते उलटेच वाचत ओळ जुळवायची. फोलिओच्या एका पृष्ठावर दोन स्तंभ आणि पूर्ण भरलेल्या स्तंभात ६६ ओळी. असे एक पृष्ठ हाताने जुळवायला काय लागत असेल, हे चार शब्द जुळवून पाहणाऱ्या मुलाला पुरेपूर कळते.

त्याहून साधी कृती नुसत्या कागदाची आहे. तीन ताव घ्यायचे, प्रत्येक मधोमध एकदाच दुमडायचा आणि एकात एक घालायचे. सहा पाने, बारा पृष्ठे तयार होतात. आता पृष्ठांना क्रमांक घालून ताव पुन्हा सुटे केले की दिसते, सर्वांत बाहेरच्या तावावर एका बाजूला १ आणि १२, दुसऱ्या बाजूला २ आणि ११ आले आहेत. ६ आणि ७ ही क्रमाने येणारी पृष्ठे तेवढी सर्वांत आतल्या तावावर शेजारी आहेत. जॅगर्डच्या छापखान्यात खिळ्यांचा साठा मर्यादित होता. पहिल्या पृष्ठापासून क्रमाने जुळवत गेले तर सात पृष्ठे पुरी होईपर्यंत यंत्र रिकामे बसणार आणि खिळे अडकून पडणार. म्हणून जुळारी ६ आणि ७ या पृष्ठांपासून सुरुवात करीत. पण सहावे पृष्ठ आधी जुळवायचे तर पहिल्या पाच पृष्ठांत किती मजकूर मावेल, याचा अंदाज हस्तलिखितावर आधीच मारावा लागे. अंदाज चुकला की जुळाऱ्याची तारांबळ उडे: मजकूर जास्त झाला तर पद्याच्या ओळी गद्यासारख्या सलग दाटायच्या, कमी पडला तर एक ओळ तोडून दोन करायच्या. शेक्सपिअरची छंदरचना म्हणून एके काळी ज्या विचित्रपणाची चर्चा झाली, त्यातला काही भाग हा असा जागेच्या हिशोबातून आलेला आहे. तीन कोऱ्या तावांनी एवढे समजावून देता येते, आणि असा कार्यक्रम कोणत्याही शाळेला परवडतो.

दुसरा चांगला प्रकार पाठांच्या तुलनेचा. ‘हॅम्लेट’ची १६०३ ची पहिली छापील आवृत्ती अतिशय तोकडी आहे. तिच्यात प्रसिद्ध स्वगत नाटकात आधीच येते, त्याचे शब्दही बरेच वेगळे आहेत, आणि ज्याला आज सर्व जग पोलोनिअस म्हणून ओळखते त्या पात्राचे नाव कोराम्बिस आहे. या आवृत्तीच्या दोनच प्रती उरल्या आहेत. पहिली १८२३ मध्ये सापडेपर्यंत ती अस्तित्वात आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. पुढची आवृत्ती १६०४-०५ ची, बरीच मोठी. फोलिओतला पाठ तिसराच. त्यात चौथ्या अंकातले एक लांब स्वगत गाळलेले आहे, तर काही ओळी नव्याने आलेल्या आहेत. तिन्हींतले स्वगत तीन नटांनी एकापाठोपाठ म्हणून दाखवले की श्रोत्यांमध्ये आपोआप वाद सुरू होतो: खरे कोणते? नटाने आठवून सांगितलेले, लेखकाने लिहिलेले, की रंगमंचावर घासून बदललेले? अभ्यासकांत आजही यावर एकमत नाही. श्रोत्याला तयार उत्तर न देता मूळ भांडणात सामील करून घेणारा कार्यक्रम व्याख्यानापेक्षा किती तरी सरस.

नटांच्या ‘पाठा’ची कार्यशाळाही याच जातीची. त्या काळी नटाला पूर्ण नाटक मिळत नसे. त्याच्या स्वतःच्या ओळी आणि प्रत्येक ओळीआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द, एवढी गुंडाळी हातात पडे. समोरचा किती वेळ बोलणार, हे ठाऊक नसे. अशी तयार केलेली एकच मोठी गुंडाळी उरली आहे. एडवर्ड ॲलन या नटाची, लंडनच्या डलिच कॉलेजात. कार्यशाळेत लोकांना अशाच पट्ट्या वाटून प्रवेश करायला लावतात. कान टवकारून ऐकावेच लागते, नाही तर आपली पाळी चुकते. संपूर्ण नाटके छापून लोकांच्या हाती देणे ही हेमिंग्ज-कॉन्डेल यांची कामगिरी किती मोठी, हे त्या गोंधळातून नेमके उमगते. कारण हाती नुसत्या पट्ट्या धरलेल्या माणसाला पूर्ण नाटकाची किंमत कळलेली असते.

शिक्षकांसाठीच्या कार्यशाळा बाहेरून फार आकर्षक दिसत नाहीत, पण त्यांचा परिणाम टिकतो. फोल्जरची शिक्षणपद्धती सांगते की विद्यार्थ्यांनी बाकावर बसून अर्थ उतरवून घेण्याऐवजी उभे राहून संवाद म्हणावेत, शब्द तोंडात घोळवावेत. एका शिक्षिकेने ही रीत आत्मसात केली की ग्रंथ परत गेल्यावरही ती वर्षानुवर्षे वर्गात चालते.

न्यू ऑर्लिन्समध्ये मे २०१६ मध्ये शेक्सपिअरची ‘जॅझ अंत्ययात्रा’ निघाली. मृताला वाद्यांच्या गजरात, आधी संथ आणि मग नाचत्या सुरांत निरोप देण्याची त्या शहराची स्वतःची परंपरा आहे, आणि चारशेव्या स्मृतिवर्षी ती एका इंग्रज नाटककाराला बहाल झाली. मिरवणुकीतून ग्रंथाबद्दल काही कळते का, असा आक्षेप घेता येईल. पण गावाने परक्या ग्रंथाला आपल्या रीतीने पाहुणा म्हणून स्वीकारले, ही काही लहान गोष्ट नव्हे. वेषभूषेच्या जत्रा आणि खाऊचे ठेले मात्र कोणत्याही निमित्ताने भरवता येतात. त्यांतून माणूस पुन्हा पेटीकडे वळत नाही.

वाचकांच्या खुणांवर उभारलेले कार्यक्रम मोजकेच होतात, ते अधिक व्हायला हवेत. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाची प्रत त्यासाठी आदर्श आहे. १६२३ मध्ये सुटे ताव ग्रंथालयात आले, विल्यम वाइल्डगूस या बांधणीकाराने ते बांधले आणि ग्रंथ साखळीने फळीला जखडला गेला. पुढे १६६४ च्या सुमारास नवी आवृत्ती आल्यावर जुनी काढून टाकली गेली. १९०५ मध्ये ग्लॅडविन टर्बट हा विद्यार्थी घरातले एक जुने पुस्तक दुरुस्तीच्या सल्ल्यासाठी घेऊन आला आणि बांधणीवरून हीच ती हरवलेली प्रत असल्याचे उघड झाले. हेन्री फोल्जर यांनी ३००० पौंड देऊ केले. तेवढीच रक्कम लोकवर्गणीतून जमवून १९०६ मध्ये ऑक्सफर्डने ती परत मिळवली. सतराव्या शतकातल्या विद्यार्थ्यांनी सर्वाधिक झिजवलेली पाने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची आहेत, त्यातही सज्जातल्या प्रवेशाजवळची, ‘किंग जॉन’ची पाने सर्वांत कमी मळलेली. २०१२ मध्ये पुन्हा लोकवर्गणी काढून तिचे डिजिटल छायांकन झाले आणि पुढच्या वर्षी ती प्रत कोणालाही मोफत पाहता येऊ लागली. दुरुस्ती करताना झीज पुसली जाऊ नये, याची काळजी घेतली गेली.

लोकांसमोर ग्रंथ ठेवण्यात जोखीम असतेच. डिसेंबर १९९८ मध्ये डरहॅम विद्यापीठाची प्रत प्रदर्शनाच्या पेटीतूनच चोरीला गेली. दहा वर्षांनी एका माणसाने ती पारखून घेण्यासाठी नेली ती थेट फोल्जर ग्रंथालयातच, आणि तिथल्या जाणकारांनी ओळखली. तोवर बांधणी आणि शीर्षकपान फाडून टाकलेले होते. ज्ञात प्रतींची मापे आणि वर्णने बारकाईने नोंदलेली असल्यामुळेच चोरी उघडकीस आली. डरहॅमने पुढे ती जखमी अवस्थेतच लोकांसमोर मांडली.

फोल्जर ग्रंथालय नूतनीकरणानंतर जून २०२४ मध्ये पुन्हा उघडले. आजवर तिजोरीत असलेल्या ८२ च्या ८२ प्रती आता नव्या दालनात एकत्र मांडल्या आहेत. उंची, जाडी, कातड्याचा रंग, कण्यावरची सोनेरी अक्षरे, सगळेच वेगवेगळे, कारण प्रत्येक मालकाने आपापल्या काळी आपल्या ऐपतीप्रमाणे प्रत बांधून घेतली. हिनमन यांनी अंधाऱ्या खोलीत यंत्राला डोळे लावून वर्षानुवर्षे जी तुलना केली, तिची निदान सुरुवात येथे कोणालाही नुसत्या नजरेने करता येते.